मदत हवी आहे: डिझर्टेशनचा 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' कसा लिहायचा? (स्पीच थेरपी, एमएएसएलपी)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी एमएएसएलपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा कोर्स माहीत नसलेल्यांसाठी: बीएएसएलपीची तीन वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप आणि त्यावर दोन वर्षांचं मास्टर्स. स्पीच थेरपी आणि ऑडिऑलॉजी, दोन्ही.

डिझर्टेशनचा विषय आहे तीन ते चार वर्षांच्या मराठी मुलांचं एमएलयू. म्हणजे मूल एका दमात जे बोलतं त्यात सरासरी किती घटक असतात ते मोजायचं. बालवाड्यांमधून रेकॉर्डिंग झालंय, ट्रान्सक्रिप्शन चालू आहे. तिथे अडचण नाही. गाडं अडलंय दुसऱ्या चॅप्टरवर, म्हणजे रिव्ह्यूवर (आधीच्या अभ्यासांचा आढावा).

गाईड मॅडमनी तो परत पाठवलाय आणि समासात जागोजागी लाल पेनाने एकच शेरा आहे: "सो व्हॉट?" विचारायला गेले तर ओपीडीतून मान वर न करता म्हणाल्या, "वाच म्हणजे कळेल." वाचून वाचून पाठ झालंय हो. नमुन्यादाखल एक परिच्छेद मराठीत देते, नावं काढून:

"'क्ष' यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. वयानुसार एमएलयू वाढल्याचे आढळले. 'य' यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. वयानुसार एमएलयू वाढल्याचे आढळले. 'ज्ञ' यांनी सिद्ध केले की एमएलयू हे भाषाविकासाचे उत्तम मापक आहे."

असंच पुढे बरीच पानं. सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) २३ टक्के आलीय, कॉलेजला दहाच्या आत हवी. आणि एक वेगळं दुखणं: केस स्टडी लिहिली की "टू सब्जेक्टिव्ह" असा शेरा येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, म्हणून इंग्रजीचाच क्लास लावावा का? स्पेलिंग, व्याकरण सगळं तपासून घेतलंय तरी.

खडूफळा

इंग्रजीचा क्लास लावू नका, पैसे वाचवा. मी बरीच वर्षं हेच शिकवतोय. तुम्ही दिलेल्या परिच्छेदात व्याकरणाची एकही चूक नाही, आणि तरी तुमच्या मॅडमच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

तुमचा प्रत्येक परिच्छेद माणसाच्या नावाने सुरू होतो. त्यामुळे हजेरीपट वाचल्यासारखं वाटतं: अमुक हजर, तमुक हजर. परिच्छेद मुद्द्याने सुरू व्हायला हवा आणि नावं त्याच्या पोटात यायला हवीत. आधी स्वतःला विचारा की या चॅप्टरच्या शेवटी परीक्षकाला काय पटलेलं असायला हवं. तुमच्या बाबतीत बहुधा हे: एमएलयू हे माप इंग्रजीसाठी बेतलं गेलं, मराठीत ते कोणत्या एककात मोजायचं हे ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, म्हणून हा अभ्यास. आता तुमच्याकडचा प्रत्येक लेख या वाटेवर कुठे बसतो ते पाहा. जो कुठेच बसत नाही तो काढून टाका, कितीही मेहनतीने वाचलेला असला तरी. पोटात कालवतं, पण काढा.

"सिद्ध केले" हे क्रियापद आपल्या क्षेत्रात जवळजवळ वर्ज्य समजा. वीस-तीस मुलांवरच्या एका अभ्यासाने काही सिद्ध होत नसतं. "आढळले", "सूचित होते", "या गटापुरते दिसले" असं लिहा.

प्रत्ययकार

खडूफळा सरांना +१. मी भाषाशास्त्रवाला, थेरपीतलं कळत नाही, पण तुमचा विषय वाचून राहवलं नाही.

रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये जे मांडलं ते अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा या तीन इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून. मोजणी मॉर्फीममध्ये, म्हणजे शब्दातल्या अर्थ असलेल्या सर्वांत लहान तुकड्यांत. इंग्रजीत ते सोयीचं, कारण शब्दाला शेपूट फार नसतं. आता तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असं एखादं वाक्य असेलच: "आईच्या पर्समधून चॉकलेट काढलं."

शब्द चार. मॉर्फीम किती? "आईच्या" दोन की तीन (आई, च, या)? "मधून" एकच धरायचं की "मध" आणि "ऊन" वेगळे? "काढलं" म्हणजे काढ अधिक लं, की काढ, ल आणि शेवटचा नपुंसकलिंगी अनुस्वार असे तीन? हात आखडता घेतला तर वाक्यात सात मॉर्फीम होतात, सगळं सोडवलं तर दहा. मूल तेच, वाक्य तेच. म्हणजे एका अभ्यासातल्या मराठी मुलांचं एमएलयू दुसऱ्यापेक्षा जास्त आलं तर मुलं पुढे आहेत की मोजणारा जास्त चिरफाड करणारा आहे, हे नियम दिल्याशिवाय कळूच शकत नाही.

तुमचं "सो व्हॉट" मला तरी इथेच दिसतंय. वाचलेल्या प्रत्येक अभ्यासात एकक कोणतं होतं, शब्द की मॉर्फीम, आणि तोडण्याचे नियम छापलेत का, एवढा एक रकाना करून पाहा. रिव्ह्यू आपोआप उभा राहील.

पाटीपेन्सिल

बाप रे. प्रत्ययकार, हा रकाना मी केलाच नव्हता. माझ्या तक्त्यात वय, मुलांची संख्या आणि निष्कर्ष एवढंच आहे. आत्ता चाळून पाहिलं तर काही लेखांनी एकक सांगितलंय पण नियम दिलेले नाहीत.

खडूफळा

मग तुमचा परिच्छेद तयारच आहे की! मराठीत लिहून दाखवतो, इंग्रजी तुम्ही करा:

"वयाबरोबर एमएलयू वाढते यावर बहुतेक अभ्यासांचे एकमत आहे (क्ष, य). मात्र ही वाढ किती, यावर एकमत नाही. याचे एक कारण मोजणीच्या एककात असू शकते. 'क्ष' यांनी शब्द मोजले, तर 'य' यांनी मॉर्फीम. 'य' यांनी विभक्तिप्रत्यय वेगळे धरले की नाही हे नमूद केलेले नाही. त्यामुळे दोन्ही अभ्यासांतील सरासऱ्यांची थेट तुलना करता येत नाही."

अभ्यास तेच दोन. पण आता ते एकमेकांशी बोलताहेत आणि तुम्ही मध्ये उभ्या आहात. यापुढचं वाक्य "म्हणून प्रस्तुत अभ्यासात" असं सुरू होऊ शकतं. जिथे ते सुरू होऊ शकत नाही, तिथे मॅडमचा लाल पेन येणार.

ब्राउनचंच म्हणणं होतं की एमएलयू साधारण चारच्या पुढे गेलं की ते व्याकरणाच्या वाढीचं चांगलं माप राहत नाही. तीन-चार वर्षांची मुलं घेतलीत, त्यातली काही त्या उंबरठ्यावर असणार, आणि मॉर्फीम मोजलेत तर मराठीत तो आकडा लवकरच ओलांडला जाणार. "ज्ञ यांनी सिद्ध केले की उत्तम मापक आहे" या ओळीशेजारी हे ठेवा. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

गोदाकाठ

आमच्या वेळी सीनियरची डिझर्टेशन समोर ठेवून तशीच लिहायचो आणि पासही व्हायचो. उगाच काय एवढं. आता तर चॅटजीपीटीला सांगितलं की पाच मिनिटांत रिव्ह्यू लिहून देतो, सिमिलॅरिटी पण कमी येते.

खडूफळा

गोदाकाठ, त्याने दिलेले संदर्भ एकदा शोधून पाहा. नियतकालिक खरं, लेखक खरा आणि लेखच अस्तित्वात नाही, असे प्रकार माझ्याकडे तपासायला आलेत. वाक्य सुबक करून घ्यायला वापरा हवं तर. पण ट्रान्सक्रिप्ट किंवा केस हिस्टरी त्यात अजिबात चिकटवू नका. पालकांनी संमतिपत्रावर सही केली तेव्हा त्यात हे नव्हतं.

सीनियरच्या प्रतीबद्दल: रचना बघायला जरूर घ्या. म्हैसूरच्या आयिशच्या (अखिल भारतीय वाणी-श्रवण संस्था) ग्रंथालय संग्रहात मास्टर्सचे प्रबंध मिळतात, पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा ही वेबसाइट आहे. मुंबईकर असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्थेचं ग्रंथालय. वाचा, मिटा, मग लिहा.

सिमिलॅरिटीचं: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत काही कारवाई नाही. दहा ते चाळीसला सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायला सांगतात, त्यापुढे शिक्षा वाढत जाते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर हे त्यात धरायचं नसतं. ग्रंथपालांना विचारा की सूची वगळून तपासलंय का. बऱ्याचदा वगळलेली नसते आणि विद्यार्थी रात्रभर रडत बसतो. उरलेली टक्केवारी बहुतेक टेस्टच्या वर्णनांतून येते, कारण मॅन्युअलमधलं वाक्य सगळेच उचलतात. तिथे शब्द फिरवत बसू नका. टेस्टचं वर्णन दोन ओळींत आटपा आणि ती तुम्ही प्रत्यक्षात कशी घेतली ते लिहा. ते दुसऱ्या कुणाकडे सापडणारच नाही.

ओवीची आई

मी विद्यार्थिनी नाही, पालक आहे. केस स्टडीच्या "सब्जेक्टिव्ह"बद्दल बोलू का?

माझी मुलगी चार वर्षांची असताना एका सेंटरमधून रिपोर्ट मिळाला. त्यात होतं, "नॉन-कोऑपरेटिव्ह, पुअर अटेन्शन." त्या दिवशी तिला सर्दी-ताप होता, आणि खोलीच्या बाहेर ड्रिल मशीन चालू होतं. तोच कागद पुढे शाळेत गेला, शाळेतून दुसऱ्या डॉक्टरांकडे. प्रत्येक जण पहिली ओळ वाचून मगच तिच्याकडे बघायचा. पुढे दुसऱ्या ताईंनी लिहिलं, "चित्रांच्या पुस्तकाजवळ चार मिनिटं बसली, दारावर आवाज झाला की उठली, नावाने हाक मारल्यावर दोनदा वळून पाहिलं." मुलगी तीच. पण हे वाचून पुढच्या माणसाला काय करायचं ते कळत होतं.

खडूफळा

ओवीच्या आई, तुमचा हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, हरकत नसेल तर.

पाटीपेन्सिल, तुमच्या "टू सब्जेक्टिव्ह"चं उत्तर यात आलं. क्लिनिकमध्ये सोप नोट लिहिताना तुम्ही सब्जेक्टिव्ह, ऑब्जेक्टिव्ह, असेसमेंट, प्लॅन असे चार कप्पे बरोबर वेगळे ठेवता. मग केस स्टडीचा निबंध झाला की चारही एका वाक्यात का कालवता? "मुलाचं लक्ष कमी होतं" हा असेसमेंटचा कप्पा, तो निरीक्षणाच्या परिच्छेदात शिरला. आधी काय दिसलं, कोणत्या परिस्थितीत, किती वेळा. आई काय म्हणाली ते "आईच्या सांगण्यानुसार" म्हणून वेगळं. तुमचं मत त्यानंतर, आणि ते वरच्या कोणत्या निरीक्षणावर उभं आहे ते सांगून. उच्चारांचंही तसंच. "उच्चार अस्पष्ट" लिहू नका. "ळ च्या जागी ल: 'बाळ'चं 'बाल', 'फळा'चं 'फला'" असं लिहा, सोबत आयपीए (उच्चार लिहायची आंतरराष्ट्रीय लिपी) मध्येही. आणि घरची बोली कोणती तेही विचारा. आजूबाजूचे मोठेच 'ळ' वेगळा म्हणत असतील तर तो दोष म्हणून नोंदवू नका.

पाटीपेन्सिल

खूप आभार सगळ्यांचे, विशेषतः ओवीच्या आईचे. आणखी दोन शंका विचारते, मग त्रास देत नाही. मुलांच्या भाषादोषाला जुन्या लेखांत एसएलआय (स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट) म्हटलंय, नव्यांत डीएलडी (डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर). मी सगळीकडे डीएलडी करून टाकू का? आणि मॉर्फीम तोडण्याचे नियम कुठे लिहायचे, मेथडमध्ये की परिशिष्टात?

खडूफळा

करून टाकू नका. २०१६-१७ च्या कॅटलाइज या तज्ज्ञांच्या सहमतीनंतर डीएलडी हे नाव रुळलं, पण नावाबरोबर निकषही बदलले. एसएलआयच्या जुन्या अभ्यासांत बुद्ध्यंक अमुकच्या वर हवा अशी अट असायची, डीएलडीत भाषा आणि बुद्ध्यंक यांत तफावत असण्याची अट नाही. म्हणजे मुलांचे गट वेगळे. त्या लेखकाने जे वापरलं तेच ठेवा आणि सुरुवातीला एका वाक्यात फरक सांगा.

प्रत्ययकार

नियम मेथडमध्ये थोडक्यात आणि परिशिष्टात उदाहरणांसह. क्लॅन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एमएलयू मोजून देतं, पण मॉर्फीम कुठे तोडायचं ते तुम्हालाच लिहून द्यावं लागेल. ट्रान्सक्रिप्टचा दहा-वीस टक्के भाग दुसऱ्या कुणाला तेच नियम देऊन स्वतंत्रपणे तोडायला सांगा आणि किती जुळतं ते छापा. "नव्हतं", "नको", "नाहीये" यांवर तुमचं भांडण होणार हे आत्ताच सांगतो. माझं मत विचाराल तर "नको" आणि "नाही" अखंड धरा, "नाहीये"चे दोन करा, आणि "नव्हतं"मध्ये शेवटचं लिंगवचन "काढलं"सारखंच मोजा. एकीकडे मोजलं आणि दुसरीकडे सोडलं असं नको. यादी झाली की इथे टाका, मी बघतो.

पाटीपेन्सिल

रविवारपर्यंत टाकते. माझी रूममेट ऑडिऑलॉजीवाली आहे, तिला दुसरी ट्रान्सक्रायबर म्हणून पकडलंय. ती विचारतेय की "आत्तू, मला पण" यातलं "पण" वेगळा शब्द धरायचा ना?

प्रत्ययकार

हो, वेगळा. पण "मलापण" असं एका दमात म्हटलं म्हणून कुणी एकत्र लिहिलं तरी दोनच मोजा, आणि हेही नियमात लिहा.