परक्या घरचं न्हाणीघर: तुमचे अनुभव सांगा

परदेशी जाताना काय खावं, कसं बोलावं हे दहा जण सांगतात. न्हाणीघराबद्दल कुणी बोलत नाही, आणि नेमकं तिथेच दार लावल्यावर विचारायला कुणी नसतं. म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

जपानमध्ये एका कुटुंबाकडे उतरले होते. पाहुणी म्हणून आंघोळीचा पहिला मान माझा. मी गरम पाण्याने भरलेल्या टबात साबण लावून आंघोळ केली आणि निघताना बूच काढून टब रिकामा केला! तिथे आधी टबाबाहेर स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुतात; टब नुसता शेकायला. तेच पाणी मग घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात. त्या घरच्या आजींनी चकार शब्द न काढता टब पुन्हा भरायला लावला. आठवलं की अजून कसंनुसं होतं.

•

इटलीत कमोडशेजारी बुटकं बेसिन होतं. पंधरा दिवस मी त्यात फक्त पाय धुतले. शेजारच्या बाईंनी समजावलं: हे बिदे, शौचानंतर धुवायला. 1975 पासून तिथल्या प्रत्येक घरात निदान एक तरी असावं, असा नियमच आहे.

•

ब्रिटनमधल्या जुन्या घरात बेसिनला दोन वेगळे नळ. एकाचं पाणी पोळतं, दुसऱ्याचं गारठवतं. रोज चिडायचो. मग प्लंबरने माळ्यावरची टाकी दाखवली. थंड पाणी थेट मुख्य लाइनीतून, गरम पाणी त्या टाकीमार्फत. टाकीतलं पाणी पिण्याजोगं धरत नसत, म्हणून दोन्ही वेगळी ठेवायची पद्धत. कारण कळलं आणि राग गेला. आता बूच लावून बेसिनमध्येच दोन्ही मिसळतो.

•

मी स्वतः नळकाम करतो. बरेच दिवस बंद असलेल्या बाथरूममध्ये घाण वास येतो, तेव्हा लोक फिनेल ओततात. खरं कारण म्हणजे ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. त्या वाकड्या नळीत साठलेलं पाणीच गटाराचा वायू अडवतं. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 मध्ये पेटंट घेतलं ते असल्याच वळणाचं. एक तांब्या पाणी ओता, वास थांबेल.

•

फिनलंडमध्ये कमोडजवळच हातशॉवर दिसला आणि जीव भांड्यात पडला. पण खटका दाबला तरी पाणी येईना. तो बेसिनच्या नळाला जोडलेला असतो. आधी नळ सोडायचा, मग खटका. पाणी हवं तितकं कोमट करून मिळतं. पुढे आई आली, तेव्हा सामान उतरवायच्या आधी तिला हेच दाखवलं.