जुनी जॉन्सन मशीन: पट्टी गेली, नंबर कुठे शोधू?

खाडीकाठ
आमचे अण्णाकाका बोटीवर होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी बहारीनहून जॉन्सनची मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, आणली. ते गेल्यापासून ती दाभोळच्या पडवीत पोत्याखाली पडून होती. गणपतीत गेलो तेव्हा पिंपात उभी करून दोरी ओढली, आणि सहाव्या झटक्याला चक्क पेटली! पण मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार येईना, म्हणून लगेच बंद केली. इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) गेला असणार. दुकानदार म्हणतो मॉडेल नंबर आणा. होडीच्या फळीला अडकवायच्या ब्रॅकेटवरची नंबरची पट्टी खाऱ्या हवेनं खाल्लीय. दोन रिव्हेट आणि सिरीयलचे शेवटचे चार आकडे उरलेत. इंजिनावरच्या टोपणावर मात्र मोठ्ठा 30 आहे, आणि काकाही गावभर 'तीस घोड्यांची' म्हणूनच सांगायचे. एवढ्यावरून मॉडेल निघेल?

सरंग्या
टोपणावर अजिबात जाऊ नका. आमच्याकडे यामाहाचं टोपण घातलेली सुझुकी आहे!

बर्फाळ_तळं
मिनेसोटात राहतो, गॅरेजात अशा तीन म्हाताऱ्या आहेत. नुसत्या सिरीयलवरून जॉन्सनचं वर्ष निघत नाही, मॉडेल नंबरच लागतो. टोपण काढा. इंजिनच्या ब्लॉकच्या बाजूला नाण्याएवढी गोल चकती ठोकून बसवलेली दिसेल, तिच्यावर नंबर कोरलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वर खडू घासा आणि बॅटरी आडवी धरा. पॉलिश पेपर लावू नका, अक्षरं उथळ असतात.

खाडीकाठ
सापडली! भावाला बॅटरी धरायला लावली आणि अर्धा तास डोळे फोडले. J25RLCDC. पण हा 25 कसा काय?

बर्फाळ_तळं
J म्हणजे जॉन्सन (त्याच कंपनीची दुसरी मशीन एव्हिनरूड असती तर E), 25 घोडे, R दोरीवाली, L म्हणजे 20 इंची लांब शाफ्ट. पुढची CD ही दोन अक्षरं म्हणजे वर्ष. 1980 पासून कंपनीनं INTRODUCES या शब्दावर आकडे बसवले: I म्हणजे 1, N म्हणजे 2, असं करत E म्हणजे 9 आणि शेवटचा S म्हणजे 0. दहाही अक्षरं वेगळी, म्हणून हा शब्द. C आठवं, D सहावं, म्हणजे 1986. शेवटचं C हे त्या वर्षातल्या फेरबदलाचं.

आता 30 चं कोडं. त्या काळी 25 आणि 30 चा ब्लॉक एकच, टोपणही एकमेकांवर बसतं. कुणीतरी बदललं असणार. चकती फक्त ब्लॉकचं वर्ष सांगते. ब्लॉकच बदलला असेल तर बाकीची मशीन वेगळ्या वर्षाची निघू शकते. तुमचं काम अडणार नाही, इंपेलर दोन्हींना एकच. पेट्रोलमध्ये तेल 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली. आणि पाण्याबाहेर दोरी ओढू नका, नवा इंपेलरही मिनिटभरात जळेल.

खाडीकाठ
86 बरोबर बसतं, माझी मुंज त्याच मे महिन्यात झाली. मशीन तेव्हा अंगणात होती, आम्ही पोरं तिच्यावर चढून बसलो होतो. इंपेलर मागवलाय. 25 चं काकूला अजून सांगितलेलं नाही.

सरंग्या
सांगू पण नका. टोपण राहू दे.