सागवानी आरामखुर्चीचे हात चिकट झालेत, काळे डागही आहेत

आजोबांच्या वेळची सागवानी आरामखुर्ची आहे, पाठ-बैठक वेताची. हातांना बोट लावलं की चिकटतं, आणि उजव्या हातावर पेल्याच्या बुडाएवढी दोन काळी वर्तुळं आहेत. सुतार म्हणतो, मशीनने घासून मेलामाइन पॉलिश मारू. मला जुना रंग जाऊ द्यायचा नाही. खोबरेल तेलाने पुसावं का?

प्रतिसाद १
खोबरेल नको. ते कधीच सुकत नाही, उलट धूळ धरून ठेवतं. मशीनही नको, सागाचा तो मधासारखा रंग वरच्या पातळ थरातच असतो, एकदा घासला की गेला.

आधी कुठलं पॉलिश आहे ते बघा. हाताच्या खालच्या बाजूला स्पिरिटचे दोन थेंब टाकून मिनिटभर थांबा. बोटाला चिकट लागलं तर लाखेचं (चपड्याचं) पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर.

मग टर्पेंटाइनच्या फडक्याने हात पुसा. घामाचा, डोक्याच्या तेलाचा मळ तपकिरी होऊन फडक्यावर येईल. लाखेला धक्का लागत नाही. तरीही चिकट राहिलं तर लाखच मऊ पडली आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं हातावर ठेवा, वर प्लॅस्टिक, पाच मिनिटं. नंतर नायलॉनच्या घासणीने रेषांच्या दिशेने काढा. तारेची घासणी वापरू नका. लोखंडाचे कण अडकतात आणि पाणी लागलं की सागावर काळे ठिपके उठतात.

प्रतिसाद २
ती वर्तुळंही त्याच जातीची, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून काळं होतं. पॉलिश काढल्यावर एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ब्रशने अख्ख्या हाताला लावा; फक्त डागावर लावलंत तर तिथे फिकट चकती दिसेल. सुकू द्या, मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. धुण्याआधी पॉलिशपेपर अजिबात नको, ती पूड नाका-घशात जाते. विषारी आहे: हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, वेत झाकून घ्या. नवं पॉलिश मारण्याआधी लाकूड दोन दिवस वाळवा.

नवं पॉलिश: २०० ग्रॅम चपडा एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर, मलमलमधून गाळून. कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून सहा-सात पातळ हात, मधे ३२० नंबरचा पेपर हलकाच. पावसाळ्यात करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा बसतो आणि पांढरी झाक येते. वर्षभर ठेवलेलं द्रावण तर नीट कडकच होत नाही.

प्रतिसाद ३
बाकी सगळं पटलं, पण हातांवर पुन्हा लाख नको. रोज घाम लागणार, पुन्हा चिकटणार. उघड्या लाकडावर उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात लावा, वीस मिनिटांनी राहिलेलं सगळं कोरडं पुसा. एक दिवस सोडून असे तीन हात. लाख पायांना आणि पाठीच्या चौकटीला ठेवा, तिथे ती चांगलीच आहे, तशीच राहू द्या.

तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.