‘इव्होल्यूशन’ची नवी छपाई: ट्रॉम्बोनचा सूर हलतोय की तबकडी?

तबकडी_कोथरूड
जॅझ ट्रॉम्बोनवादक ग्रेशन मॉन्करच्या १९६३च्या ‘इव्होल्यूशन’ या अल्बमच्या तबकडीची नवी छपाई. पहिल्या बाजूला दुसरी रचना अल्बमच्याच नावाची आहे. त्यात ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन लांब सूर धरून उभे राहतात, तिथे ट्रॉम्बोन किंचित हेलकावतो. त्याआधीची ‘एअर रेड’ बरी वाजते. टर्नटेबल बेल्टचं, स्ट्रोबवर (वेग तपासायच्या लुकलुकत्या दिव्यावर) वेग बरोबर, सुईचा भार १.८ ग्रॅम. ट्रॉम्बोनला ना कळा ना पडदे, नुसती सरकती नळी. मग हा वादकाचा कंप समजायचा की छपाईतला दोष? बदलून घ्यायची मुदत सात दिवस आहे.

सुई_आणि_खाच
ट्रॉम्बोन सोडा, बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन ऐका. या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांचा सूर कायमचा बांधलेला असतो. पट्ट्यांखालच्या नळ्यांवरच्या फिरत्या चकत्यांनी आवाज लहानमोठा होतो, सूर वरखाली होत नाही. या अल्बमवर पियानो नाही, तेव्हा साक्षीदार हा एकच. तोही हलला तर मॉन्कर निर्दोष.

मग हेलकावे मोजा. ३३⅓च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे दहा हेलकावे बरोबर १८ सेकंदांत आले तर तबकडीचं भोक मध्यावर नाही. टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, वरून बघितलं तर तोही प्रत्येक फेऱ्याला डावीउजवीकडे झुलताना दिसेल.

‘एअर रेड’ सुटते याचं कारण साधं आहे. भोक ०.२ मिमी सरकलेलं असेल तर बाहेरच्या कडेला, १४६ मिमी त्रिज्येवर, वेगात फरक ०.१४ टक्के पडतो. आत ६० मिमीवर तोच ०.३३ टक्के होतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभर भागांपैकी जवळपास सहा. त्यात ही रचना नेमकी आतल्या खाचांत आणि सूरही लांबलचक. जलद वादनात एवढं कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुनाबाजार_रविवारी
तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून सूर ताडून बघा की! शिवाय तबकडी वाकलीय का तेही बघा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात कुरियरच्या गाडीत दुपारभर पडलेलं पार्सल हमखास वाकतं.

सुई_आणि_खाच
तंबोऱ्याचा इथे उपयोग नाही. तिघांचे तीन वेगळे सूर चालू असतात, षड्ज कुठला धरणार? वाकण्याचा मुद्दा मात्र बरोबर. डोळे प्लॅटरच्या, म्हणजे फिरत्या थाळीच्या, पातळीला आणून बघा. आर्म वरखाली होत असेल तर तबकडी वाकलेली, आडवा झुलत असेल तर भोक चुकलेलं.

तबकडी_कोथरूड
व्हायब्राफोनही हलतोय. दहा हेलकावे, १८ सेकंद. आर्म आडवा झुलतो. दुसऱ्या बाजूला काहीच नाही!

सुई_आणि_खाच
असंच असतं. दोन्ही बाजूंचे साचे वेगवेगळे बसवतात, त्यामुळे एकच बाजू सरकू शकते. आर्मचा व्हिडिओ पाठवून बदलून मागा. फक्त त्याच खेपेतली प्रत आली तर दोषही तोच येण्याची शक्यता आहे.

बदलून नाहीच मिळाली तर बारीक गोल कानशीने भोक सगळीकडून सारखं मोठं करा. मूळ भोक ७.२४ मिमीचं असतं, ८च्या पुढे जाऊ नका. कीस ब्रशने झाडा, खाचांत गेला तर संपलंच. आता वाजवून आर्म सगळ्यात बाहेर जातो ती जागा लेबलवर पेन्सिलने टिपा, सुई उचला, प्लॅटर थांबवा आणि तबकडी त्या बाजूने मध्याकडे केसभर ढकला. किती? झुलण्याच्या एकूण अंतराच्या निम्मी. दोन-तीन खेपांत बसते. कानस लागली की बदलून मिळणं विसरा, आणि चांगली असलेली दुसरी बाजूही दर वेळी हाताने मध्यावर आणावी लागेल.