मदत हवी आहे: रिपोर्टमधलं 'केरास जी १२ सी', पाणी आणि कच्चे बंध

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकड्यातुकड्यांत विचारला तर संदर्भ लागणार नाही, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली आणि रिपोर्टात एक ओळ आली: केरास, जी १२ सी. (केरास हे पेशीतलं एक प्रथिन, आणि जी १२ सी म्हणजे त्याच्या १२व्या जागी झालेला बदल.) उपचारांचं डॉक्टरांनी नीट समजावलं आहे, त्याबद्दल इथे काही विचारायचं नाही. अडलंय ते दुसरीकडेच. बाबा आयुष्यभर फिटर होते. रिपोर्ट वाचून त्यांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि मला विचारलं, "एखादा बारका पार्ट बिघडला तर मशीन बंद पडतं. हे बंद पडायच्या ऐवजी सुटलं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सची, दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही. म्हणून जीवरसायनशास्त्राची प्राथमिक पुस्तकं आणली आणि दोन महिने रात्री वाचत बसते आहे. जेवढं कळलंय ते सांगते, चुकत असेन तिथे टोका.

पाण्याचा रेणू सरळ नसतो, वाकलेला असतो. दोन हायड्रोजनांमधला कोन १०४.५ अंशांचा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या बाजूला थोडा ऋण प्रभार आणि हायड्रोजनांच्या बाजूला थोडा धन. म्हणून एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरतो, तो हायड्रोजन बंध. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन हा सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, तर हायड्रोजन बंधाला साधारण २०. पाण्यात तो काही पिकोसेकंदांत तुटतो आणि दुसऱ्या कुणाशी तरी जुळतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेतले मणी पक्क्या सहसंयुज बंधांनी ओवलेले. पण ही माळ घडी पडून जो आकार घेते तो टिकतो मुख्यतः हायड्रोजन बंधांसारख्या कच्च्या बंधांवर. इथपर्यंत ठीक.

आता पहिली अडचण. प्रथिन पाण्यातच बुडालेलं असतं, आणि हायड्रोजन बंध जुळवण्यात पाण्यासारखं पटाईत कुणी नाही. मग पाणी त्या घडीतले बंध सोडवून स्वतःच का जुळत नाही? घडी टिकतेच कशी?

दुसरी अडचण खुद्द केरासची. पुस्तकात लिहिलंय की त्याला जीटीपी (तीन फॉस्फेटांची शेपटी असलेला एक छोटा रेणू) चिकटला की ते 'चालू' असतं, आणि पाण्याच्या रेणूने जीटीपीचा शेवटचा फॉस्फेट तोडला की 'बंद' होतं. पण पेशीत तर पाणीच पाणी. मग तो बंध केव्हाच तुटून जायला हवा होता. आणि यात १२व्या मण्याचं काम काय? तिथे असायला हवं ग्लायसीन, झालंय सिस्टीन. सुमारे १९० मण्यांतला एक, तोही सगळ्यात छोटा!

मला परीक्षा द्यायची नाही. बाबांना खरं आणि त्यांना पटेल असं सांगायचं आहे. "असंच असतं" म्हटलेलं त्यांना चालत नाही, आणि मलाही आता चालेनासं झालंय.

प्रतिसाद १

ताई, तुमची पहिली अडचण खरोखर अवघड आहे. बरेच विद्यार्थी पदवी घेतात पण हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही. मी हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही कॉमर्सच्या आहात, तेव्हा जमाखर्च मांडू. माळ उलगडलेली आहे असं धरा. तिच्यातला एक नायट्रोजन-हायड्रोजन गट पाण्याच्या एका रेणूला धरून आहे, एक कार्बन-ऑक्सिजन गट दुसऱ्या रेणूला. एकूण दोन बंध. आता माळेची घडी पडली. ते दोन गट एकमेकांना जुळले, आणि सुटलेले पाण्याचे दोन रेणू एकमेकांना. पुन्हा दोनच बंध! म्हणजे हायड्रोजन बंधांच्या खात्यात जमा आणि खर्च जवळपास सारखेच. पाणी ते बंध सोडवू शकतं, यात तुमचं काही चुकलेलं नाही. फक्त त्यात पाण्याचा फारसा फायदा नाही.

पारडं झुकतं ते दुसऱ्याच कारणाने. विसेक प्रकारच्या मण्यांपैकी काही तेलकट स्वभावाचे असतात, त्यांना पाण्याशी बंध जुळवता येत नाही. असा मणी पाण्यात उघडा पडला की त्याच्याभोवतीच्या रेणूंना आपापसातले बंध सांभाळण्यासाठी अवघडून, ठरावीक दिशेलाच तोंड करून बसावं लागतं. त्यांचं स्वातंत्र्य जातं. तेलकट मणी एकत्र येऊन आत दडले की हे सगळे रेणू मोकळे होतात. ग्लासभर पाण्यात तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात तेही याच कारणाने; तेलाच्या ओढीपेक्षा त्यात पाण्याच्या मोकळं होण्याचा वाटा मोठा आहे. एकदा आतला भाग असा कोरडा झाला की तिथल्या प्रत्येक गटाला जोडीदार मिळायलाच हवा, कारण धरायला आता पाणी नाही. म्हणून घडीत इतकी नेटकी सर्पिलं आणि पदर दिसतात.

पण शिल्लक किती उरते ते बघा. शेकडो कच्च्या बंधांची उलाढाल होऊन घडी आणि उलगडलेली माळ यांच्यातला निव्वळ फरक बहुधा २० ते ६० किलोज्यूल असतो, म्हणजे एक ते तीन हायड्रोजन बंधांइतकाच. उलाढाल मोठी, शिल्लक किरकोळ. एखादा मणी बदलला तर काय होऊ शकतं याचा अंदाज इथेच येतो.

क्रिश्चन आन्फिन्सेन यांचा प्रयोग बाबांना आवडेल. रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं एन्झाइम त्यांनी युरिया घालून पूर्ण उलगडलं आणि त्यातले गंधकाचे चारही पूल तोडले. एन्झाइम निकामी झालं. मग ती रसायनं काढून टाकली, आणि माळ आपली आपण पुन्हा घडी घालून कामाला लागली. आठ गंधकांच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लागू शकतात, त्यांतली बरोबर तीच तऱ्हा तिने निवडली. आकाराची सूचना मण्यांच्या क्रमातच लिहिलेली असते, हे त्यावरून दिसलं. १९७२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

प्रतिसाद २

वरच्या सरांनी पाया घातलाच आहे, मी केरासकडे वळते. संशोधनात बरीच वर्षं याच कुटुंबातल्या प्रथिनांवर काम केलंय.

आधी जीटीपी. त्याच्या शेपटीला तीन फॉस्फेट एकापुढे एक, सगळे ऋण प्रभाराचे. पाण्याचा ऑक्सिजन शेवटच्या फॉस्फरसवर चाल करून जायला बघतो, पण तोही ऋण बाजूचा, म्हणून ढकलला जातो. बंध तुटला तर ऊर्जा सुटते हे खरं, पण तुटण्याआधी एक चढ आहे आणि तो नुसत्या पाण्याला सहजी चढवत नाही. म्हणून पाण्याने भरलेल्या पेशीतही जीटीपी टिकून राहतो.

केरास त्या चढावर वाट करून देतं. त्याचा ६१वा मणी, ग्लुटामीन, पाण्याचा एकच रेणू नेमक्या जागी, नेमक्या कोनात धरून ठेवतो. तरीही एकट्या केरासला हे काम हळूच जमतं. मग 'गॅप' नावाचं दुसरं प्रथिन येऊन आपलं एक अमिनो आम्ल, आर्जिनीन, बोटासारखं खाचेत घालतं. आर्जिनीनवर धन प्रभार असतो, तो फॉस्फेटांचे ऋण प्रभार सावरतो. वेग साधारण लाखपटीने वाढतो, बंध तुटतो, केरास बंद.

हे बोट ज्या फटीतून आत जातं, तिच्या तोंडाशीच १२वा मणी आहे. ग्लायसीनच्या बाजूला एक हायड्रोजन सोडला तर काहीच नसतं, म्हणून बोट जेमतेम मावतं. फिटरच्या भाषेत, तिथे क्लिअरन्स अगदी कमी ठेवलेला आहे. सिस्टीनच्या बाजूला एक कार्बन आणि त्यावर गंधक. तेवढ्याने बोट अडतं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: बिघडलाय तो बंद करायचा खटका. इंजिन शाबूत आहे, म्हणून तर ते चालत राहतं आणि पेशीला "वाढ, विभाग" असा निरोप धाडत राहतं.

याच कुटुंबातल्या एचरासमध्ये १२व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आलेलं मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत १९८२ साली सापडलं. जनुकात प्रत्येक मण्यासाठी तीन अक्षरं असतात; त्यांतलं एक बदललेलं होतं, जीजीसीचं जीटीसी. माणसाच्या कर्करोगजनुकातला असा एका अक्षराचा बदल तेव्हा पहिल्यांदा नेमका दाखवता आला. तुमच्या रिपोर्टातला बदल म्हणजे जीजीटीचं टीजीटी.

धागाकर्ती

दोघांचे किती आभार मानू. "क्लिअरन्स कमी" हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा उठून बसले. त्यांनी कागद मागितला, खाच काढली, बोट काढलं, १२व्या जागी एक बारीक गोळा काढून विचारलं, "इथेच अडतंय ना?" मी हो म्हटलं. बरोबर आहे ना?

त्यांचं पुढचं म्हणणं असं, की एका अक्षराने कर्करोग होत असेल तर तो सगळ्यांनाच व्हायला हवा.

प्रतिसाद १

चित्र बरोबर आहे.

एका बदलाने सहसा भागत नाही, कारण पेशीत राखणदारही असतात. त्यांतला मोठा म्हणजे पी ५३, ३९३ मण्यांचं प्रथिन. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं किंवा पेशीला मरायला लावतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याच्या जनुकात बदल झालेला सापडतो. याचा डीएनए धरणारा भाग मुळातच नाजूक आहे, शरीराच्या तापमानापेक्षा काही अंशांनीच वर त्याची घडी उलगडते. शिल्लक किरकोळ म्हटलं ते हेच. १७५व्या जागी आर्जिनीनऐवजी हिस्टिडीन आलं की जवळच बसलेला जस्ताचा अणू नीट धरला जात नाही आणि तो सगळा भाग ढिला होतो. इथे केरासच्या उलट आहे. पार्ट बिघडला की यंत्र खरंच बंद पडतं, आणि ते बंद पडणंच घातक ठरतं.

प्रतिसाद २

एक राहिलं. जी १२ सीमधल्या त्या 'सी'चा, सिस्टीनचा, उपयोगही झालाय. गंधक दुसऱ्या रेणूशी पक्का सहसंयुज बंध जुळवू शकतं, आणि निरोगी केरासमध्ये त्या जागी गंधक नसतं. केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली दाखवलं, की केरास बंद अवस्थेत असताना जवळ एक खोबण उघडते. तिथे बसून गंधकाला कायमचा चिकटणारा रेणू बनवता येतो. सोटोरासिब हे असं औषध अमेरिकेत २०२१ साली मंजूर झालं. कुणाला कोणतं औषध लागू, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील; मी फक्त बंधाचं सांगते आहे.

धागाकर्ती

बाबांनी हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्यांना विचार. औषध बंद असताना बसतं म्हणतात, आणि हे बंद होत नाही म्हणतात. मग बसतं केव्हा?"

प्रतिसाद २

बाबांना माझा नमस्कार सांगा, आमच्या क्षेत्रातही सगळे इथेच अडले होते. बोट अडलं तरी केरासचा स्वतःचा हळू चालणारा मार्ग उरतोच, आणि १२व्या जागी सिस्टीन असलं तर तो बऱ्यापैकी शाबूत असतो. पाण्याचा तो एक रेणू कधी ना कधी चढ चढतो, बंध तुटतो आणि केरास थोडा वेळ बंद होतं. तेवढ्यात औषध आत बसतं आणि गंधकाला चिकटतं. ते केरास मग पुन्हा चालू होत नाही. पेशीला नवं घडवावं लागतं.