राइड वाढवायच्या आधी आहेत त्या तरी चालू करा

कारेलीबागकर :
परवा गोत्री रायडर यांनी हायवेजवळच्या थीम पार्कवर पोस्ट टाकली. म्हणणं थोडक्यात असं की पार्कात थ्रिल नाही, दोन मोठे रोलर कोस्टर आणा, डायनासोरची बाग आणि पोरांची झुकझुक गाडी मोडीत काढा, म्हणजे बडोद्याची माणसं इमॅजिकासाठी खोपोलीपर्यंत जाणार नाहीत. खाली सगळ्यांचे अंगठे. आत्ता ज्या राइड आहेत त्यांचं काय, हे एकानंही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन गेलो होतो. तिकीट पूर्ण घेतात आणि आत गेल्यावर निम्म्या राइडना दोरी बांधलेली दिसते. दोरीला 'मेंटेनन्स'चा लॅमिनेट केलेला कागद, तोही उन्हानं इतका उडालेला की अक्षरं लागत नव्हती. म्हणजे हे दुखणं जुनं आहे. जो झुला चालू होता त्याच्या मांडीवर येणाऱ्या दांड्याचं फोम फाटून आतलं लोखंड दिसत होतं, त्यावर खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली. एकच पोरगा दोन राइड सांभाळत होता. दांडा लागला की नाही हे तो लांबूनच बघायचा, हातानं ओढून बघत नव्हता. मी नातवाला खाली उतरवलं. तो रडला, पण मी ऐकलं नाही.

आपण बडोद्याचे आहोत हो. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. त्याआधी जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरियाची झुलती राइड चालू असताना तुटून पडली, दोघांचा जीव गेला. एवढं होऊनही आपली पहिली मागणी 'आणखी उंच, आणखी जोरात' अशी असावी, याचा मला राग आला म्हणून एवढं लिहितोय.

आणि डायनासोर मोडीत का काढायचे? नीट करा ना. आत्ता तिथे फायबरचा टी-रेक्स आहे. स्पीकरमधून डरकाळी येते आणि जबडा मिटलेलाच. टी-रेक्स अमेरिकेतला. आपल्या बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरची हाडं आणि अंडी सापडली आहेत. तिथल्या हाडांवरून २००३ मध्ये नवी जात ठरली, राजासॉरस नर्मदेन्सिस. बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर ही जागा आहे आणि आपल्या पार्कात त्याचं नावसुद्धा नाही. थीम पार्क म्हणायचं तर थीम कुठली?

गोत्री रायडर :
काका, बंद राइड तशाच ठेवा असं मी कुठे लिहिलं? तुम्ही न वाचताच चिडलात. माझं म्हणणं सरळ आहे. पार्कात माणूस येत नाही कारण यावंसं वाटेल असं तिथे काही नाही. माणूस नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून दांड्यावर चिकटपट्टी. एक मोठी राइड आली की अहमदाबाद, सुरत, भरूचहून पोरं येतील आणि त्या पैशातून बाकीचं सुधारेल.

हाडं बघायला रैयोलीला म्युझियम आहे, तिथे जावं. मी तिकीट काढतो ते पोटात गोळा यावा म्हणून. तुमच्या पिढीला प्रत्येक ठिकाणी कमाटीबाग हवी असते. झाडं, बाक, गाडी, भेळ. तीही हवीच, पण ती १८७९ पासून आहे आणि फुकट आहे. दुसरी कशाला?

मांजलपूरची आई :
राइडचं तुम्ही दोघं बघा. मला गेटवर काय झालं ते सांगायचंय.

माझी मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिच्यासाठी डब्यात मुगाची खिचडी आणि छोट्या थर्मासमध्ये नाचणीची पेज होती. गेटवर बाईनं बॅग उपसली आणि म्हणाली, बाहेरचं खाणं चालत नाही, डस्टबिनमध्ये टाका नाहीतर गाडीत ठेवून या. पार्किंग त्या उन्हात केवढं लांब! मी म्हटलं, हे तान्ह्या बाळाचं आहे. तर म्हणे, 'अंदर सब मिलता है'. आत काय मिळतं? फ्रेंच फ्राइज, बर्गर, थंड झालेली पावभाजी. दात न आलेल्या लेकरानं बर्गर खायचा का? शेवटी सासूबाई बाळाला घेऊन गाडीत जाऊन बसल्या. त्यांचं तिकीट वाया गेलं आणि दिवसही.

पार्क सुधारायचा असेल तर इथून सुरुवात करा.

हिशेबनीस :
मांजलपूर ताई, बाळाच्या बाबतीत त्यांनी चूकच केली. पण बाहेरचं खाणं सरसकट आत सोडा म्हणणाऱ्यांनी धंद्याचं गणित बघावं. तिकिटावर आधी २८ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०१८ पासून १८ झाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा हात लावू देत नाही, त्यामुळे वॉटर पार्क सोडून सगळं ओस. पावसाळ्यात उघड्यावरच्या राइड बंद. खरी कमाई दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टीतले शनिवार-रविवार. त्यात हप्ते, वीज, पगार. खाण्याच्या स्टॉलवर चार पैसे सुटतात म्हणून गेट उघडं राहतं. मुंबईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून चाललेलं, तेही २०२२ मध्ये बंद पडलं. आपल्या पार्कानं काय घोडं मारलंय की त्यानं तोट्यात चालावं?

मांजलपूरची आई :
धंदा करू नका असं मी म्हटलेलं नाही. ३ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. थिएटरवाल्यांना बाहेरचं खाणं अडवायचा हक्क दिला, पण त्याच वेळी पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं बेताचं खाणं आई-बापांना नेऊ द्यावं, हेही म्हटलं. या पार्कात कूलर होता, त्याला तोटीच नव्हती. बाटली घ्यायची म्हटली तर दुप्पट भाव.

हिशेबनीस :
तो निकाल थिएटरचा आहे, पार्काचा नाही.

मांजलपूरची आई :
थिएटरात माणूस तीन तास असतो, पार्कात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मग पार्कात जास्त लागू व्हायला हवं की कमी?

रावपुरा :
ताईंच्या बाजूनं. आईला इन्सुलिन चालू आहे, वेळेवर पोटात काही गेलं नाही तर तिला घाम फुटतो. आम्ही ज्वारीच्या दशम्या आणि लोणचं नेलं होतं. गेटवर डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. सिक्युरिटीवाल्यानं वाचली आणि परत दिली, दशम्या मात्र ठेवून घेतल्या. आत खायच्या रांगेत उभं राहून नंबर लागेपर्यंत आई बाकावर आडवी झालेली. मीठ-साखरेचं पाणी एका अनोळखी बाईनं दिलं. तिनं ते पदराआड लपवून आणलं होतं. आजारी माणसाला पाणी द्यायला लपवाछपवी करावी लागते, तिथे हिशेबनीस मला जीएसटी शिकवतायत.

हिशेबनीस :
शिकवत नाहीये. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण सूट दिली की काय होतं तेही बघितलंय. लोक अख्खं पातेलं घेऊन येतात, लॉनवर सतरंजी पसरतात आणि जाताना द्रोण-पत्रावळी तिथेच. हरणी झाल्यावर सगळे मालकाला बोलले, बोलायलाच हवं होतं. पण आपली माणसं सार्वजनिक जागी कशी वागतात, यावर कुणी बोलतं का?

कारेलीबागकर :
हरणी आणि पत्रावळी एका दमात? चौदा जीव गेले त्यात. कृपा करून तुलना करू नका.

हिशेबनीस :
तुलना केली नाही. वाक्य चुकीच्या जागी पडलं असेल तर मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

वाघोडिया रोड :
इतका वेळ फक्त वाचत होतो. मी एक उन्हाळा अशाच एका दुसऱ्या पार्कात राइड ऑपरेटर होतो, म्हणून लिहितो.

सकाळी गेट उघडायच्या आधी प्रत्येक राइड रिकामी फिरवायची, मग सीटवर रेतीची पोती ठेवून फिरवायची, असं आम्हाला शिकवलं होतं. मोठ्या नटांवर रंगाची एक रेघ असते, नटावरून खालच्या पत्र्यावर सरळ गेलेली. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते आणि नुसत्या डोळ्यांना कळतं. पाच मिनिटांचं काम. पण गंज आला की वरून नवा रंग मारतात आणि ती रेघ त्याखाली जाते. पुन्हा कुणी ओढत नाही. लॉगबुकवर आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम व्हायच्या.

ट्रेनिंग अर्ध्या दिवसाचं. पोरं कंत्राटदाराची, सीझन संपला की घरी. एक पोरगा दोन राइड बघतो तो आळशी आहे म्हणून नाही काका, दुसरा नेमलेलाच नसतो. आणि 'मेंटेनन्स'चा कागद सडतो कारण परदेशी बनावटीच्या राइडचं बेअरिंग किंवा कंट्रोल कार्ड गेलं की महिनोन् महिने येत नाही.

गोत्री रायडर, राग मानू नका. नटावरची रेघ बघायला जिथे माणूस नाही तिथे रोलर कोस्टर आणला तर त्याच्या शेकडो नटांची रेघ कोण बघणार?

बायका सुती साडीत वेव्ह पूलमध्ये उतरतात, त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि पंप बंद पडतो. नायलॉनचा कॉस्च्यूम घ्या म्हणतात ते नुसतं भाड्यासाठी नसतं. ते भाडं मात्र कमी करायला हवं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

शिल्पी फतेगंज :
थीमबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहिते. ते फायबरचे पुतळे कॅटलॉगमधून मागवलेले आहेत. तोच गोरिला, तोच टी-रेक्स प्रत्येक शहरात. आणि हे कुठे? ज्या गावात १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे तिथे! साठच्या दशकात इथल्या फाइन आर्ट्स फेअरसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत स्वतः खेळणी करायचे आणि गाव ती घ्यायला यायचं. आज शिल्पकलेचे विद्यार्थी जागा आणि काम मागत फिरतात. त्यांना राजासॉरस करायला द्या. टी-रेक्सपेक्षा लहान, कपाळावर बुटक्या शिंगासारखा उंचवटा. मुलं त्याच्या पाठीवर चढतील असा सिमेंटचा करा, जबडा हलवायची मोटरही नको.

झुकझुक गाडीही मोडू नका. डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची गाडी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा बैल ओढायचे. गायकवाडी रेल्वेची ही गोष्ट जगात दुसरीकडे कुठे सांगता येईल? पार्कातल्या गाडीचं तोंड मात्र परदेशी कार्टूनचं.

गोत्री रायडर :
शिल्पी ताई, बैलगाडीची रेल्वे बघायला कॉलेजची पोरं येणार नाहीत. मी पंचविशीतला आहे, मला माहीत आहे. रविवारी आम्हाला मॉल आणि हायवेवरचं हॉटेल याशिवाय काही नाही. सुरक्षितता, इतिहास, खिचडी, सगळं बरोबर, पण या धाग्यात एकानंही तरुण मुलांसाठी काय करायचं ते सांगितलेलं नाही. म्हातारे आणि तान्ही बाळं, मधली माणसं गावात राहतच नाहीत का?

वाघोडिया रोड यांचं वाचलं. ती नटाची रेघ मला माहीत नव्हती. रोज सकाळची तपासणी तारीख-वेळेसकट प्रत्येक राइडच्या तोंडाशी लावा, ही मागणी माझीही आहे. बंद राइड असतील तेवढं तिकीट कमी करा, हीसुद्धा. पण 'मोठी राइड नकोच' हे मी कबूल करणार नाही. जगभर चालतात, बडोद्यात माणसं नेमून का चालणार नाहीत?

कारेलीबागकर :
आधी माणसं नेमली तर मग माझाही विरोध नाही. तरुणांबद्दलचं तुमचं खरं आहे, माझ्या लिहिण्यात ते आलं नाही. संध्याकाळी सहाला गेट बंद करण्याऐवजी उन्हाळ्यात चार ते रात्री दहा ठेवलं तर तुम्हालाही उपयोग, आणि पत्राही तापलेला नसेल.

पार्कवाल्यांना पत्र देऊ, एक प्रत कॉर्पोरेशनला. मसुदा असा : १) रोजची तपासणी लेखी, प्रत्येक राइडवर लावलेली, आणि एका राइडला एक माणूस. २) बंद राइडच्या प्रमाणात तिकीट कमी. ३) पिण्याचं पाणी फुकट, बाळाचं आणि आजारी माणसाचं खाणं आत. ४) रांगेवर सावली, उन्हाळ्यात वेळ बदलून. ५) राजासॉरस आणि डभोईची गाडी, इथल्या विद्यार्थ्यांकडून.

हिशेबनीस :
तिसऱ्यात 'बेताचं' हा शब्द घाला, तर माझी सही. नाहीतर पुन्हा पातेली येतील.

मांजलपूरची आई :
'बेताचं' घाला. पण तिसरा मुद्दा पहिला करा.

कारेलीबागकर :
ताई, पहिला मुद्दा जिवाचा आहे.

रावपुरा :
माझ्या आईचंही जिवावरच आलं होतं.

गोत्री रायडर :
सहावा घाला : तीन वर्षांत एक मोठी राइड. तो नसेल तर माझी सही नाही.

वाघोडिया रोड :
सहाव्यात 'पहिला मुद्दा वर्षभर पाळला गेल्यावर' असं लिहा. मग मीही करतो.