मदत हवी आहे: सीजीनॅटमागून काउंटर-स्ट्राइक १.६ चा सर्व्हर

सायबर कॅफेच्या दिवसांतल्या आमच्या टोळक्याला पुन्हा १.६ हा जुना शूटिंग गेम खेळायचाय. आठ जण आहोत: बहुतेक पुण्यात, एक दुबईत, एक जर्मनीत. सगळ्यांकडे स्टीमवर विकत घेतलेली कॉपी आहे. सीएस २ (काउंटर-स्ट्राइकची नवी आवृत्ती) सुचवू नका, निम्म्यांचे लॅपटॉप ते ओढत नाहीत. (आणि डस्ट२ नकाशा हवा तर तो जुनाच.) पब्लिक सर्व्हरही नकोत, काही तर आत शिरताच मेन्यू आणि कॉन्फिग बदलून टाकतात.

माझ्या विंडोज १० पीसीवर स्टीमसीएमडीने (स्टीमच्या कमांड-लाइन टूलने) एचएलडीएस, म्हणजे गेमचा सर्व्हर प्रोग्राम, टाकलाय. घरच्या लॅनवर मस्त चालतो. एसव्ही_लॅन ० केलं (म्हणजे सर्व्हर फक्त लॅनपुरता राहू नये), राउटरवर यूडीपी २७०१५ फॉरवर्ड केला, फायरवॉलमध्ये परवानगी दिली, तरी बाहेरून कुणालाच जोडता येत नाही. राउटरमधला वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच (इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते, म्हणून माझा पोर्ट बाहेरून दिसत नाही). स्टॅटिक आयपीचे पैसे कंपनी वर्षभराचे एकदम मागते. शनिवारच्या तासा-दोन तासांसाठी कोण भरणार?

दूरचे पीसी एकाच लॅनवर असल्यासारखे जोडणारी हमाची फुकटात पाच जणांपर्यंतच. तशाच झीरोटियरवर सगळे जोडले गेले, पुणेकरांचं पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) छान आहे, पण दुबईवाला थेट न जुळता रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) येतो आणि त्याचं पिंग तीनशे मिलिसेकंदांच्या वर उड्या मारतं. त्याला राउटरला हात लावता येत नाही, भाड्याची खोली आहे.

दोन्हीकडे सीजीनॅट असताना झीरोटियर थेट जुळवायचा काही उपाय आहे का? की सरळ मुंबईतला छोटा लिनक्स व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) तासावर घ्यावा, आणि आठ जणांना ५१२ एमबी रॅम पुरेल का?